बंदुकीचा ध्वनिरोधक : चाचणी व कायदेशीर नियंत्रण

बंदूक, रायफल किंवा पिस्तूल झाडताना नळीच्या तोंडाशी होणारा आवाज कमी करण्यासाठी नळीच्या टोकाला बसविण्यात येणाऱ्या अथवा नळीभोवतीच कायमस्वरूपी घडविलेल्या साधनास ध्वनिरोधक म्हणतात. ‘सायलेन्सर’ हा शब्द मराठीत मोटारसायकलीमुळे घरोघरी परिचित आहे आणि ही केवळ शब्दांची सारखेपणाची बाब नाही. एंजिनातून बाहेर पडणारा वायू व बंदुकीच्या नळीतून बाहेर पडणारा वायू या दोहोंना शांत करण्याचे तत्त्व एकच असून दोन्ही साधनांच्या विकासात एकाच अभियंत्याचा मोठा वाटा आहे. ‘ध्वनिरोधक’ ही संज्ञा मात्र काटेकोर नव्हे. या साधनाने आवाज रोखला जात नाही, तो उणावतो. किती उणावतो, तो कसा मोजावयाचा आणि उणावलेल्या आवाजाची कायद्याने किती धास्ती घ्यावी, या तीन प्रश्नांभोवती या साधनाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास फिरत आला आहे.

बंदुकीचा आवाज हा एक आवाज नसून तीन आवाजांचे मिश्रण असते. पहिला व सर्वांत मोठा आवाज नळीच्या तोंडाशी होतो. गोळी बाहेर पडते त्या क्षणी तिच्यामागील वायूचा दाब वातावरणीय दाबाच्या काही शे पट असतो. तो वायू मोकळ्या हवेत एकदम प्रसरण पावतो व आघात तरंग निर्माण होतो. दुसरा आवाज खुद्द गोळीचा. समुद्रसपाटीला व सु. १५° से. तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ३४० मी. असतो. त्याहून अधिक वेगाने जाणारी म्हणजे स्वनातीत गोळी आपल्या संपूर्ण मार्गावर शंकूच्या आकाराचा आघात तरंग ओढीत नेते व तो ऐकणाऱ्याला चाबकाच्या फटकाऱ्यासारखा ऐकू येतो. तिसरा आवाज घोडा, खटका, सरकणारा खीळ इ. यंत्रभागांचा होय. ध्वनिरोधक यांपैकी केवळ पहिल्या आवाजावर काम करतो. एर्न्स्ट माख व पेटर झाल्खर यांनी १८८६ मध्ये उडत्या गोळीची छायाचित्रे घेऊन तिच्या पुढील आघात तरंग प्रत्यक्ष दाखवून दिला होता. नळीच्या टोकाला काहीही बसविले, तरी गोळी नळी सोडून गेल्यानंतर जो आवाज करते तो त्यामुळे थांबणार नाही, हे त्या छायाचित्रांवरून ध्वनिरोधकाच्या जन्माआधी वीस वर्षे स्पष्ट झाले होते. चित्रपटांतून ऐकू येणारी ध्वनिरोधकाची हलकी ‘फट्’ ही ध्वनिमुद्रण कक्षातील निर्मिती आहे. कायदेमंडळांतील काही चर्चा वाचताना मात्र सदस्यांच्या कानांत तीच घुमत असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेला पहिला ध्वनिरोधक अमेरिकन अभियंता हायरम पर्सी मॅक्सिम (१८६९–१९३६) याने तयार केला. स्वयंचलित मशीनगनचा जनक सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम (१८४०–१९१६) याचा तो मुलगा. आयुष्यभर तोफाबंदुकांच्या सान्निध्यात राहिल्याने वडिलांची श्रवणशक्ती उतारवयात जवळजवळ नष्ट झाली होती. मुलगा मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १८८६ मध्ये पदवीधर झाला आणि कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे मोटारींच्या कारखान्यात काम करू लागला. नेमबाजीची त्याला आवड होती. पण आपल्या छंदाचा शेजाऱ्यांना त्रास होतो ही जाणीव त्या आनंदात मिठाचा खडा टाकीत असे, असे त्याने पुढे लिहिले आहे. न्हाणीच्या टाकीतील पाणी मोरीत उतरताना भोवरा होऊन सावकाश जाते हे पाहून वायूलाही असेच फिरवीत नेण्याची कल्पना त्याला सुचली, अशी हकिगत सांगितली जाते. त्याने जून १९०८ मध्ये अर्ज केला व ३० मार्च १९०९ रोजी त्याला अमेरिकन पेटंट मिळाले. या साधनात नळीच्या तोंडापुढे एक दंडगोल असून त्यात वळणदार पडद्यांची रांग होती. गोळी मधल्या छिद्रातून सरळ निघून जाई; मागून येणारा वायू पडद्यांत अडके, गिरक्या घेई, थंड होई व दाब उतरल्यावर सावकाश बाहेर पडे. १९१० च्या नमुन्यात त्याने छिद्र दंडगोलाच्या मध्याऐवजी वरच्या बाजूस घेतले, त्यामुळे दंडगोल नळीच्या खाली लोंबता राहून नेम धरण्याची रेषा मोकळी राहिली. पुढे आलेल्या बहुतेक ध्वनिरोधकांतील पडद्यांचे आकार बदलले, धातू बदलले; तत्त्व हेच राहिले.

हे साधन दुकानांतून व टपालाने काही डॉलरना मिळे. ते घेणाऱ्यांत शिकारी होते, घराच्या तळघरात नेमबाजी करणारे होते आणि नवशिक्यांना शिकविणारेही होते. अमेरिकन सैन्याच्या शस्त्रविभागाने १९०८ पासून पुढे अनेकदा त्याच्या चाचण्या घेतल्या. आवाज व धक्का दोन्ही कमी होतात, नळीच्या तोंडाची झळाळी लपते आणि गोळी कोठून आली हे शत्रूला ओळखता येत नाही, हे गुण त्यांत दिसून आले. मात्र सैन्याच्या रायफलीची गोळी सेकंदाला ८०० मी. हून अधिक वेगाने जात असल्याने तिचा फटकारा तसाच राहिला. शिवाय नळीच्या टोकाला संगीन बसविण्याची अडचण होतीच. सैन्याने मर्यादित संख्येने ही साधने घेतली, सरसकट स्वीकारली नाहीत.

या चाचण्यांत एक मूलभूत उणीव होती व तीत कोणाचाही दोष नव्हता. आवाज मोजण्याचे एककच त्या काळी अस्तित्वात नव्हते. डेसिबेल हे एकक बेल टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात रूढ केले, तर ध्वनिपातळीमापकांचे पहिले अमेरिकन मानक १९३६ मध्ये आले. मॅक्सिमच्या साधनाची परीक्षा म्हणूनच माणसाच्या कानाने होई. ठरावीक अंतरावर निरीक्षक उभे करावयाचे व त्यांना काय ऐकू आले ते टिपून घ्यावयाचे. ही रीत पुढेही बराच काळ टिकली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अभियंता विल्यम गॉडफ्रे डी लाइल याने बनविलेल्या कार्बाइनीची परीक्षा लंडनमधील न्यू अॅडेल्फी इमारतीच्या गच्चीवरून टेम्स नदीत गोळ्या झाडून घेण्यात आली आणि खालच्या रस्त्यावरील एकाही वाटसरूने मान वर केली नाही, तेव्हा ती उत्तीर्ण ठरली, असे सांगितले जाते. एका अर्थी ही चाचणी मापकाच्या चाचणीहून अधिक प्रामाणिक होती. कारण शस्त्र ज्या हेतूने बनविले त्याच हेतूची ती परीक्षा होती. डी लाइल कार्बाइनीचे यश तिच्या मोठ्या ध्वनिरोधकाइतकेच .४५ च्या काडतुसालाही होते. त्याची जड गोळी ध्वनीपेक्षा कमी वेगाने जात असल्याने दुसरा आवाज उद्भवतच नसे. खटका हाताने ओढावयाचा असल्याने तिसऱ्याचाही प्रश्न नव्हता.

महायुद्धाने ध्वनिरोधकाला शेजारधर्माच्या साधनातून हेरगिरीच्या साधनात रूपांतरित केले. ब्रिटिश गुप्तसंघटनेचे वेलरॉड पिस्तूल, ध्वनिरोधक जोडलेली स्टेन गन, रशियन ब्रामित आणि अमेरिकन हेरखात्याचे हाय स्टँडर्ड पिस्तूल ही त्या काळची प्रसिद्ध उदाहरणे. १ मे १९६० रोजी सोव्हिएट हद्दीत पाडण्यात आलेल्या यू–२ विमानाचा वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स याच्याजवळ असेच हाय स्टँडर्ड पिस्तूल सापडले व मॉस्कोत ते लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आले. सामान्य माणसाच्या मनात ध्वनिरोधक व मारेकरी यांची जी सांगड बसली, तिच्यामागे अशा घटनांचा व त्यांवरून निघालेल्या कथा-चित्रपटांचा हात आहे.

कायदा मात्र याच्या कितीतरी आधी आला होता. मॅक्सिमला पेटंट मिळाले त्याच वर्षी, १९०९ मध्ये, अमेरिकेच्या मेन राज्याने ध्वनिरोधक लावलेल्या शस्त्रांवर बंदी घातली. व्हरमाँटने १९१२ मध्ये दंड ठरविला. पुढील दोन दशकांत मॅसॅचूसेट्स, मिशिगन इ. राज्यांनी निरनिराळी बंधने आणली. जंगलांनी व्यापलेल्या मेन व व्हरमाँट या राज्यांत वनरक्षकाला चोरट्या शिकारीचा सुगावा बंदुकीच्या आवाजावरूनच लागे, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. शहरी राज्यांत भीती खुनाची होती. मॅक्सिमच्या कंपनीने बंदुकीचे ध्वनिरोधक बनविणे हळूहळू सोडून दिले व मोटारी, जहाजे, वायुसंपीडक यांसाठी लागणाऱ्या ध्वनिरोधकांकडे ती वळली.

केंद्रीय कायदा २६ जून १९३४ रोजी संमत झाला. दारूबंदीच्या काळातील (१९२०–३३) टोळीयुद्धे, १४ फेब्रुवारी १९२९ चे शिकागोतील हत्याकांड आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये मायॅमी येथे फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्यावर झालेला हल्ला ही त्याची पार्श्वभूमी. नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने मशीनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन यांच्या जोडीला ध्वनिरोधकही घातला. बंदी घालण्याचा अधिकार संघराज्याला आहे की नाही याविषयी शंका असल्याने महान्यायवादी होमर कमिंग्ज यांच्या खात्याने कर आकारण्याच्या अधिकाराचा आश्रय घेतला. ध्वनिरोधक बनविताना वा हस्तांतरित करताना २०० डॉलर कर भरावयाचा व नोंदणी करावयाची. काही डॉलरच्या वस्तूवर २०० डॉलरचा, म्हणजे आजच्या किमतीत चार हजारांहून अधिक डॉलरचा कर ही व्यवहारतः बंदीच होती. विधेयकाच्या मूळ मसुद्यात पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांचाही अंतर्भाव होता. विरोधामुळे ती वगळण्यात आली. ध्वनिरोधकाच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता. काँग्रेसच्या समितीपुढे झालेल्या सुनावणीत मशीनगनवर पानेच्या पाने खर्ची पडली, ध्वनिरोधकावर जवळजवळ एकही वाक्य नाही. नव्वद वर्षे टिकलेले नियंत्रण इतक्या अल्प विचाराने अस्तित्वात आल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात कायद्याची करयोजना वैध ठरविली. कर नियंत्रणही करतो एवढ्यावरून तो अवैध होत नाही, हे त्या निर्णयाचे सार. १९६८ मध्ये हेन्स खटल्यात मात्र नोंदणीची सक्ती म्हणजे बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याला स्वतःविरुद्ध पुरावा देण्याची सक्ती होय, असा आक्षेप न्यायालयाने मान्य केला. त्याच वर्षीच्या गन कंट्रोल अॅक्टने नोंदणीची रचना बदलून ही त्रुटी दूर केली. १९८६ च्या दुरुस्तीने ध्वनिरोधकाची व्याख्या अधिक व्यापक झाली. बंदुकीचा आवाज शांत, मंद किंवा कमी करणारे कोणतेही साधन, ते जोडण्यासाठी योजिलेला भागांचा कोणताही संच आणि केवळ त्याच कामासाठी असलेला एखादा सुटा भागदेखील तीत बसू लागला.

या व्याख्येत एक गोष्ट नाही, ती म्हणजे आकडा. आवाज किती कमी झाला म्हणजे साधन ध्वनिरोधक ठरते, हे कायदा सांगत नाही. कायद्याचा भर हेतूवर आहे. विज्ञानाने तोवर आकडे देण्याची तयारी केली होती. फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड आर्सेनल या शासकीय शस्त्रागाराने १९६८ मध्ये ध्वनिरोधकांची तत्त्वे व मूल्यमापन या विषयावर विस्तृत अहवाल तयार केला. व्हिएटनाम युद्धामुळे रायफलीवरील ध्वनिरोधकांना मागणी आली होती व अॅबर्डीन येथील सैन्याची मानव अभियांत्रिकी प्रयोगशाळाही या कामात गुंतली होती. पुढे अमेरिकन सैन्याच्या १४७४ क्रमांकाच्या ध्वनिमर्यादा मानकातील पद्धती ध्वनिरोधकांच्या चाचणीत सर्वमान्य झाली.

या पद्धतीत शस्त्र जमिनीला समांतर, सु. १.६ मी. उंचीवर धरतात. ध्वनिग्राहक तेवढ्याच उंचीवर, नळीच्या तोंडापासून डाव्या बाजूला १ मी. अंतरावर, नळीशी काटकोनात ठेवतात. आसपास भिंत, गाडी किंवा आवाज परत फेकणारा अन्य पृष्ठभाग असता कामा नये. दुसरा ध्वनिग्राहक झाडणाऱ्याच्या कानाजवळ लावतात. कारण ध्वनिरोधकामुळे वायूचा काही भाग मागे ढकलला जातो व अर्धस्वयंचलित शस्त्रात तो खटक्याच्या पोकळीतून थेट तोंडावर येतो. पुढून शांत वाटणारे साधन कानाशी तितके शांत नसते, हे त्यामुळेच कळते.

खरी अडचण वेगाची आहे. बंदुकीच्या आवाजाचा शिखर दाब सेकंदाच्या काही लक्षांश भागात गाठला जातो. रस्त्यावरील वाहतूक किंवा कारखाना यांसाठी वापरले जाणारे साधे ध्वनिपातळीमापक इतक्या त्वरेने प्रतिसाद देऊ शकत नाहीत. ते शिखर गाठण्यापूर्वीच तरंग निघून गेलेला असतो व आकडा खरा असावा त्यापेक्षा बराच कमी येतो. म्हणून पाव इंची ध्वनिग्राहक व सु. २० मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देणारी यंत्रणा आवश्यक मानली गेली. डेन्मार्कच्या ब्र्यूल अँड केअर कंपनीचे २२०९ क्रमांकाचे मापक कित्येक वर्षे या कामाचे प्रमाण यंत्र होते. त्यानंतर अंकीय यंत्रणा आल्या व २०१५ मध्ये सैनिकी मानकाची नवी आवृत्ती निघाली. विक्रेत्यांच्या जाहिरातींतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचे कारण पुष्कळदा अप्रामाणिकपणा हे नसून यंत्र, अंतर किंवा हवामान निराळे असणे हे असते. पुष्कळदा, नेहमीच नव्हे.

आणखी एक गुंता पहिल्या गोळीचा. न वापरलेल्या ध्वनिरोधकात हवा, म्हणजेच ऑक्सिजन, भरलेला असतो. पहिल्या गोळीमागून येणारा अर्धवट जळालेला वायू त्यात पुन्हा पेट घेतो व आवाज अधिक होतो. दुसऱ्या गोळीपासून आत जळालेला वायूच असल्याने आवाज उतरतो. पाच किंवा दहा गोळ्यांची केवळ सरासरी दिल्यास हा फरक झाकला जातो. शिकाऱ्याला बहुधा पहिलीच गोळी महत्त्वाची असल्याने त्याच्या दृष्टीने ही सरासरी फसवी ठरते. आत थोडे पाणी किंवा वंगण घातल्यास वायू लवकर थंड होतो व आकडा आणखी सुधारतो. म्हणून साधन कोरडे तपासले की ओले, हेही नोंदवावे लागते.

डेसिबेल हे लॉगरिथमीय प्रमाण असल्याने सामान्य वाचकाची आणखी दिशाभूल होते [→ ध्वनिकी]. २० डेसिबेलने घट म्हणजे दाब एक दशांश. ३० डेसिबेलने घट म्हणजे दाब सु. एकबत्तिसांश व ऊर्जा एक सहस्रांश. ऐकावयास हे प्रचंड वाटते. परंतु मूळ आवाजच इतका मोठा असतो, की उरलेला भागही लहान नसतो. ध्वनिरोधक नसलेल्या सैनिकी रायफलीचा शिखर आवाज सु. १६५ डेसिबेल असतो. चांगल्या ध्वनिरोधकाने तो सु. १३५ वर येतो. क्षणिक आवाजासाठी कानाच्या सुरक्षिततेची रूढ मर्यादा १४० डेसिबेल मानली जाते. म्हणजे ध्वनिरोधकाचे काम या मर्यादेच्या वरून खाली आणणे एवढेच आहे. खोलीत शेजारी बसलेल्याला कळू नये, असे काही त्यामुळे घडत नाही. .२२ ची लहान काडतुसे व ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या गोळ्या हा याला अपवाद असून हेरखात्यांची पसंती त्यांनाच का होती, ते यावरून उमगते.

मापन व कायदा यांची गाठ खऱ्या अर्थाने २०१४ नंतर न्यायालयात पडली. इनोव्हेटर एंटरप्रायझेस या कंपनीने नळीच्या टोकाला बसणारे एक साधन तयार केले. रायफलीचा धक्का कमी करणे व आवाज झाडणाऱ्यापासून दूर पुढे लोटणे, हा त्याचा हेतू असल्याचे तिचे म्हणणे होते. शस्त्रनियंत्रण विभागाने त्याचा आवाज मोजला नाही. ज्ञात ध्वनिरोधकांत आढळणाऱ्या काही लक्षणांची यादी समोर ठेवून, त्यांपैकी काही यात दिसतात म्हणून हा ध्वनिरोधक होय, असा निष्कर्ष त्याने काढला. वॉशिंग्टन येथील केंद्रीय जिल्हा न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये तो रद्द केला. शेपूट, करडी कातडी व चार पाय ही तीन लक्षणे उंदीर व हत्ती या दोघांतही आढळतात, तेवढ्यावरून उंदीर हत्ती होत नाही, असा न्यायाधीश जॉन बेट्स यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

याच सुमारास सिग सॉअर या शस्त्रउत्पादक कंपनीचा वाद याच्या नेमका उलट गेला. तिने एका कार्बाइनीच्या आखूड नळीला सु. २४ सेंमी. लांबीचा धक्काशामक कायमचा जोडून विभागाकडे तपासणीस पाठविला. हा भाग ध्वनिरोधकाच्या अंतर्भागासारखाच होता. केवळ बाहेरचे नळकांडे नव्हते. उघड्या पडद्यांमुळे आवाज कमी होत नाही, उलट वाढतो, हे कंपनीने मोजमाप करून दाखविले. हे आकडे खोटे असल्याचे कोणी म्हटले नाही. तरीही ध्वनिरोधक जोडण्याच्याच हेतूने घडविलेला भाग या सदरात तो मोडतो, हा विभागाचा निर्णय पहिल्या विभागीय अपील न्यायालयाने २०१६ मध्ये कायम ठेवला. पहिल्या खटल्यात न मोजल्यामुळे शासन हरले, दुसऱ्यात मोजूनही कंपनी हरली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत. कायद्याच्या शब्दांत जोवर आकडा नाही, तोवर ध्वनिमापक हा साक्षीदार असेल, पंच नव्हे, एवढेच त्यांतून दिसते.

इंग्लंडमध्ये १९३७ च्या व नंतर १९६८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राचा आवाज किंवा झळाळी कमी करण्यासाठी योजिलेल्या उपसाधनाचा ‘शस्त्र’ या संज्ञेतच समावेश केला. बंदुकीसाठी लागणारा परवाना त्यासाठीही लागे. स्वतंत्र कलंक मात्र त्याला चिकटला नाही आणि ब्रिटिश शिकारी ते उघडपणे वापरीत आले.

भारताचा १८७८ चा शस्त्र अधिनियम मॅक्सिमच्या शोधाच्या तीस वर्षे आधीचा असल्याने त्यात या साधनाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. स्वातंत्र्योत्तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून) ब्रिटिश व्याख्येचे वळण उचलले. त्यातील ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेत आवाज किंवा झळाळी कमी करण्यासाठी तयार केलेली वा बदललेली उपसाधने येतात. परिणामी भारतात सुटा ध्वनिरोधक परवान्याविना बाळगणे हे कायद्याच्या दृष्टीने परवान्याविना बंदूक बाळगण्यासारखेच आहे. येथेही डेसिबेलचा उल्लेख नाही. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकारीचा छंदच संपुष्टात आल्याने श्रवणरक्षणासाठी ध्वनिरोधक मागणारा वर्ग भारतात उभा राहिला नाही. उलट आसामातील काझीरंगा येथे गेंड्यांच्या चोरट्या शिकारीत ध्वनिरोधक लावलेल्या रायफली आढळून आल्या. मेन राज्याला १९०९ मध्ये वाटलेली भीती शंभर वर्षांनी ब्रह्मपुत्रेच्या काठी अशी खरी ठरली.

उत्तर यूरोपातील दृष्टिकोन याहून भिन्न आहे. फिनलंड, नॉर्वे या देशांत ध्वनिरोधक हा आवाजाच्या प्रदूषणावरील उपाय समजला जातो. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात शिकारी रायफलींवरील ध्वनिरोधकांची पद्धतशीर मोजमापे झाली. जर्मनीत २०२० च्या दुरुस्तीने शिकाऱ्यांना त्याची वाट खुली झाली. अमेरिकेतही आरोग्याचा मुद्दा हळूहळू पुढे आला. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०११ मधील एका अहवालात नेमबाजीच्या मैदानावर ध्वनिरोधक वापरण्याचा पर्याय सुचविला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या शस्त्रांचा शिखर आवाज १७ ते २४ डेसिबेलने कमी झाल्याचे आढळले. कान झाकणाऱ्या साधनांची गरज यामुळे संपत नाही, असेही या क्षेत्रातील तज्ञ बजावतात व ते योग्यच आहे.

गुन्ह्यांतील वापराविषयी दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. अमेरिकन खटल्यांच्या नोंदी तपासणाऱ्या २००७ मधील एका अभ्यासात ध्वनिरोधक प्रत्यक्ष हत्येत वापरल्याची प्रकरणे अत्यल्प निघाली. नियंत्रणाचे विरोधक हा त्याच्या निरुपद्रवीपणाचा, तर समर्थक तो नियंत्रणाच्या यशाचा पुरावा मानतात. एकाच आकड्यावरून दोन्ही निष्कर्ष निघू शकतात हे उभय पक्षांनी क्वचितच मान्य केले आहे. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथे नगरपालिकेच्या इमारतीत बारा जणांची हत्या झाली, त्या वेळी मारेकऱ्याच्या पिस्तुलावर ध्वनिरोधक होता आणि या वादाला नव्याने धार आली. त्याआधी २०१८ मध्ये दहाव्या विभागीय अपील न्यायालयाने ध्वनिरोधक हे उपसाधन आहे, राज्यघटनेतील ‘शस्त्र’ नव्हे, असे ठरविले होते.

ध्वनिरोधकांना १९३४ च्या कायद्यातून वगळण्याची विधेयके २०१५ पासून काँग्रेसपुढे वारंवार येत राहिली. अखेर ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या करविषयक कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून ध्वनिरोधकावरील २०० डॉलरचा कर शून्यावर आणला. नव्वद वर्षांत या रकमेत कधीच वाढ झाली नव्हती. चलनवाढीने तिचा जाच आधीच बोथट केला होता. नोंदणी, अर्ज व पूर्वपरवानगी यांना मात्र हात लागला नाही. १९३७ मध्ये ज्या करअधिकाराच्या आधारावर हा सारा डोलारा वैध ठरला, तो करच शून्य झाल्यावर नोंदणीची सक्ती कोणत्या अधिकारावर उभी राहते, हा प्रश्न उपस्थित करणारे दावे २०२५ मध्येच केंद्रीय न्यायालयांत दाखल झाले.